विमान कधी सुटेल ते विचारू नका

(अंटार्क्टिकावरच्या ‘मैत्री’ आणि ‘भारती’ या भारतीय केंद्रांबद्दल गेल्या अंकात माहिती दिली होती. त्यावर आलेल्या पत्रांतली बहुतेक पत्रं एकाच गोष्टीबद्दल आहेत: तिथे जातात कसे? हवामान खात्यातून निवृत्त झालेल्या आणि ‘मैत्री’वर हिवाळा काढलेल्या एका निरीक्षकांनी त्यांतल्या काहींना उत्तरं दिली आहेत.)

प्रश्न: माझे यजमान डिझेल जनरेटरचे मेकॅनिक आहेत. त्यांची ‘मैत्री’च्या विंटर टीममध्ये निवड झाली आहे. नोव्हेंबरात मुंबईहून केपटाऊन आणि तिथून विमानाने पुढे, असं सांगितलं होतं. आता केपटाऊनहून सुटायची तारीख दोनदा बदलली. सासूबाई म्हणतात मुहूर्तच चुकला. पोचायची नक्की तारीख कुणाला विचारायची? — एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, कुणालाच विचारू नका. गोव्यात वास्कोला हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, सगळी मोहीम तिथून चालते. तिथल्या माणसांना विचारलंत तर ते नम्रपणे ‘हवामान बघून’ म्हणतील. तुम्हाला वाटेल टाळताहेत. ते टाळत नाहीत, त्यांच्याकडे खरोखर तेवढंच उत्तर असतं.

केपटाऊनहून जे विमान जातं ते इल्युशिन-76, रशियन बनावटीचं मालवाहू जेट. चार हजारांहून जास्त किलोमीटर, सुमारे सहा तास. उतरतं ते रशियाच्या नोवोलाझारेवस्काया केंद्राजवळ बर्फावर आखलेल्या धावपट्टीवर. सगळे तिला ‘नोवो’ म्हणतात. आपलं ‘मैत्री’ तिथून जवळच, शिर्माकर ओॲसिस नावाच्या उघड्या खडकाळ पट्ट्यात. भारत, रशिया, जर्मनी, नॉर्वे, दक्षिण आफ्रिका अशा त्या भागात काम करणाऱ्या 11 देशांनी मिळून ही विमानसेवा उभी केली आहे. म्हणजे तुमच्या यजमानांच्या शेजारच्या खुर्चीत एखादा जर्मन भूगर्भशास्त्रज्ञ घोरत असेल.

आता उशीर का होतो ते सांगतो, कारण हा माझ्या नोकरीचा विषय. खंडाच्या मधोमध दोन-तीन किलोमीटर उंचीचं बर्फाचं पठार आहे. त्याच्यावरची हवा गारठून जड होते आणि उतारावरून किनाऱ्याकडे घसरत येते. हा वारा आभाळ निरभ्र असतानाही वाहतो आणि येताना जमिनीवरचा भुसभुशीत बर्फ उचलून आणतो. कमरेपर्यंत पांढरा लोट आणि डोक्यावर निळं आकाश, असं दृश्य मी कितीतरी सकाळी पाहिलं आहे. त्यात किनाऱ्यालगत एखादं वादळ फिरत आलं की ब्लिझार्ड, म्हणजे हिमवादळ. आणि वारा पडला तरी ‘व्हाइट-आउट’ असतोच: वर ढग पांढरे, खाली बर्फ पांढरा, सावली कुठेच नाही, क्षितिज नाही. पायाखालचा खड्डा दिसत नाही तिथे वैमानिकाला धावपट्टी किती खाली आहे ते कसं कळणार? म्हणून नोवोवरची माणसं वारा, ढगांची उंची आणि दृश्यमानता कळवत राहतात, आणि तिन्ही गोष्टी एकाच वेळी जमल्या तरच केपटाऊनला विमान हलतं. विमान परतीचं इंधनही बरोबर घेऊन निघतं. तिथे पोचून उतरता आलं नाही तर दुसरीकडे कुठे उतरू, असं म्हणायची सोय नाही. तसंच मागे फिरायचं.

म्हणून केपटाऊनच्या हॉटेलात बसणं हा प्रवासाचाच भाग धरा. निघण्याआधी सगळ्यांना एकत्र बसवून सूचना देतात. मग फोनची वाट बघायची. रात्री दोनलाही येतो. आमच्यातल्या एकाने ‘आज काही विमान सुटत नाही’ म्हणून सगळे मोजे धुवून टाकले आणि त्याच रात्री बोलावणं आलं. ओल्या मोज्यांची पिशवी घेऊन तो अंटार्क्टिकात उतरला. यजमानांना सांगा, बॅग भरलेली ठेवायची आणि मोजे कोरडे.

विमान आतून गोदामासारखं असतं. खिडक्या जवळजवळ नाहीत, अर्ध्या भागात मालाच्या पेट्या जाळ्यांनी आवळलेल्या. आवाज इतका की बोलणं अशक्य. कानात घालायचे बोळे देतात, ते काढायचे नाहीत. केपटाऊनला चढताना उन्हाळा असतो, उतरताना शून्याखाली, त्यामुळे उतरण्याच्या तासभर आधी सगळे उभे राहून एकमेकांच्या कोपरांचे धक्के खात थंडीचे कपडे चढवतात. गॉगल हाताशी हवा, तो सामानात टाकून चालत नाही. तिथे वसंत ऋतूत ओझोनचा थर विरळ झालेला असतो आणि बर्फावरून ऊन परत डोळ्यांत येतं. पहिल्या दिवशी हौसेनं बिनगॉगलचे फोटो काढणारे दुसऱ्या दिवशी डोळ्यांवर ओलं फडकं घेऊन पडलेले असतात.

पण ताई, तुम्ही विचारलं नाहीत ते सांगतो, कारण पोचायच्या तारखेपेक्षा ते महत्त्वाचं आहे. विंटर टीमचा माणूस वर्षभराहून जास्त काळ घराबाहेर असतो, आणि परतायची तारीखही अशीच लोंबकळते. तेव्हा ते निघण्याआधी मुखत्यारपत्र करून घ्या. बँकेचं खातं दोघांच्या नावावर आहे ना, गॅस, वीज, घराचे हप्ते कुणाच्या मोबाइलवरच्या ओटीपीने भरले जातात, मुलांच्या शाळेत वडिलांची सही कुठे लागते, गाडीचा विमा कधी संपतो, हे एका वहीत उतरवा. तिथून आता इंटरनेटवर बोलता येतं, पण त्यांच्या सिमवर येणारा ओटीपी तिथे पोचेल अशी आशा धरू नका. त्यांच्या परतण्याच्या महिन्यात घरात बारसं, मुंज, काहीही ठरवू नका.

सासूबाईंना सांगा, आपली पहिली मोहीम 6 डिसेंबर 1981 ला डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली गोव्याहून बोटीनं निघाली, ती 9 जानेवारी 1982 ला बर्फाला लागली. महिन्याहून जास्त. दोन-चार दिवस हॉटेलात जास्त गेले तर मुहूर्त चुकला असं नव्हे.

प्रश्न: बर्फावर उतरणाऱ्या विमानाला चाकं कशी? स्की नको का? आणि ते घसरत नाही का? — इयत्ता नववी, नाशिक

उत्तर: छान विचारलंस. छोट्या विमानांना स्की असतातच, ती मऊ बर्फावरही उतरतात आणि नोवोहून पुढच्या केंद्रांवर माणसं नेतात. पण इल्युशिन-76 चं वजन भरल्यावर दीडशे टनांच्या वर जातं. ते मऊ बर्फात रुतेल. म्हणून त्याच्यासाठी ‘निळ्या बर्फा’ची जागा शोधतात. तिथे वारा नवा बर्फ टिकू देत नाही, वर उरतो तो शेकडो वर्षं दाबला गेलेला, आतली हवा जवळजवळ निघून गेलेला बर्फ. तो इतका कठीण असतो की चाकांचं वजन पेलतो. घसरण कमी व्हावी म्हणून वरचा थर यंत्राने खरवडून खडबडीत करतात. तरीही वैमानिक ब्रेकवर विसंबत नाही, इंजिनांचा जोर उलटा फिरवून वेग मारतो. म्हणूनच धावपट्टी चांगली लांब ठेवलेली असते.

प्रश्न: मुलगा ‘भारती’ केंद्रावर चालला आहे, पण त्याला विमान नाही, केपटाऊनहून बोट आहे. आमच्या घराण्यात सगळ्यांना बोट लागते. त्याचे आजोबा भाऊच्या धक्क्यावरून रत्नागिरीला यायचे ते वांत्या करतच. त्याचं कसं होणार? — एक वडील, देवगड

उत्तर: होणार काय, लागणार. आणि मग थांबणार. हे आधीच मान्य केलेलं बरं.

केपटाऊन 34 अंश दक्षिणेला आणि ‘भारती’ 69 अंशांच्या पुढे, लार्समन टेकड्यांवर. मधल्या चाळिशीपासून साठीपर्यंतच्या अक्षांशांत पृथ्वीला वेढा घालणारा एकच समुद्र आहे. आडवी जमीन जवळजवळ नाही, त्यामुळे पश्चिमेकडून येणारा वारा आणि लाट यांना अडवायला फारसं कुणी नाही. खलाशी चाळिशीला ‘गरजणारी’, पन्नाशीला ‘खवळलेली’ आणि साठीला ‘किंचाळणारी’ म्हणतात. त्याचे आजोबा ज्या बोटीनं यायचे तिला निदान मध्ये मध्ये बंदरं होती.

वाहतुकीसाठी भाड्याने घेतलेली जहाजं बर्फात चालणारी असतात. ‘वासिली गोलोवनीन’ हे रशियन जहाज आपल्या मोहिमांत बरीच वर्षं होतं. बर्फात चालायचं म्हणून अशा जहाजांचा तळ बेताचा गोलसर असतो आणि मोकळ्या समुद्रात ती जास्त डुलतात. बर्फासाठी चांगलं ते पोटासाठी वाईट.

मुलाला सांगा: केबिन मिळवताना हट्ट करता आलाच तर जहाजाच्या मध्याजवळची आणि खालच्या मजल्यावरची मागायची. तिथे हेलकावा सगळ्यांत कमी. वरची खिडकीवाली केबिन फोटोत चांगली दिसते. गोळ्या डॉक्टरांना विचारून, समुद्र चढण्याच्या आधी घ्यायच्या, उलटी सुरू झाल्यावर त्या पोटात राहत नाहीत. पोट रिकामं ठेवायचं नाही. कोरडी पोळी, खाखरा, कुरमुरे, आल्याचा तुकडा. चहा कमी. झोपताना गादीच्या बाहेरच्या कडेखाली लाइफ जॅकेट कोंबायचं, म्हणजे गादी भिंतीकडे कलते आणि माणूस बिछान्यातून खाली पडत नाही. जिन्यावर एक हात कायम कठड्याला. दोन्ही हातांत चहाचे कप घेऊन जिना उतरणारे मी पाहिले आहेत, नंतर डॉक्टरांच्या केबिनबाहेर पाहिले आहेत.

बहुतेकांचं शरीर दोन-तीन दिवसांत सरावतं. मग मजा असते. डेकवर जा म्हणावं. भटका अल्बाट्रॉस जहाजामागे येतो, पंखांचा विस्तार तीन मीटरच्या वर, आणि तासन् तास पंख न हलवता वाऱ्यावर तरंगतो. पन्नास-पंचावन्न अंशांच्या आसपास एक पट्टा लागतो, जिथे दक्षिणेचं थंड पाणी उत्तरेच्या उबदार पाण्याखाली शिरतं. थोड्याशा अंतरात पाण्याचं तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं, धुकं येतं, हवेचा वासच बदलतो. तिथपासून खरी हद्द सुरू झाली असं मी मानतो, नकाशावर साठावी रेघ असली तरी.

आणि बर्फ लागला की समुद्र एकदम शांत. तरंगत्या बर्फाचे तुकडे लाट मारून टाकतात. जेवणाच्या टेबलावर पहिल्यांदा सगळे जण त्याच दिवशी दिसतात. मात्र जहाजाचा वेग तिथेच जातो. पुढे जायचं, अडकायचं, मागे यायचं, पुन्हा धडक. किनाऱ्याला चिकटलेला बर्फ किती जाड, यावर सामान हेलिकॉप्टरला लटकवून न्यायचं की कसं ते ठरतं. केंद्र डोळ्यांना दिसतंय आणि आपण जहाजावरच, असं चालतं. त्याचा फोन ‘पोचलो’ म्हणून आला तरी ‘उतरलास का?’ हे वेगळं विचारा.

प्रश्न: लेकासोबत तुळशीचं छोटं रोप, घरचा गोडा मसाला, लिंबाचं लोणचं आणि गणपतीची लहानशी शाडूची मूर्ती पाठवायची आहे. चालेल ना? — एक आई, सातारा

उत्तर: काकू, मसाला चालेल. लोणचं गळणार नाही असं बांधा. तुळस आणि शाडू, दोन्ही नाही.

1991 साली माद्रिदमध्ये झालेल्या करारानुसार तिथे बाहेरची झाडं आणि निर्जंतुक न केलेली माती नेता येत नाही, आणि शाडू ही मातीच. आपल्या संसदेनं 2022 मध्ये त्यासाठी कायदाही केला आहे. तुम्हाला वाटेल एका तुळशीनं काय होणार. तिथल्या किंग जॉर्ज बेटावर पोलंडच्या केंद्राजवळ साधं वार्षिक गवत उगवलेलं 1985-86 च्या सुमारास आढळलं. माणसांच्या बुटांतून, सामानातून आलेलं. ते उपटून काढायला कित्येक वर्षं खपावं लागलं. आख्ख्या खंडात फुलं येणाऱ्या स्थानिक वनस्पती दोनच आहेत, त्याही ‘मैत्री’पासून फार दूर, दक्षिण अमेरिकेकडच्या टोकाला. म्हणून निघण्याआधी बूट घासून धुवायचे, बॅगेचे कोपरे आणि जॅकेटच्या वेल्क्रोच्या पट्ट्या व्हॅक्यूमने साफ करायच्या. तुमच्या अंगणातली कुसळं वेल्क्रोत हमखास अडकलेली असतात, ती काकू तुम्हीच सुईनं काढा, लेक काढणार नाही.

पार्सल बांधताना थर्मोकोलचे मणी घालू नका, तेही करारात बसत नाहीत. वाऱ्यावर एकदा उडाले की गोळा करणं अशक्य. निरांजनही देऊ नका. थंडीपेक्षा आम्ही आगीला जास्त भ्यायचो. हवा कमालीची कोरडी, विझवायचं पाणी गोठलेलं आणि जळालेल्या घरातून बाहेर पडून जायचं कुठे?

गणपती मात्र बसतो, काळजी नको. आमच्या वेळी कणकेचा केला होता, हळदीनं रंगवून. सोंड दोनदा तुटली. विसर्जन बादलीत. बादलीतलं सगळं नंतर कचऱ्याच्या पिंपात, कारण तिथल्या तळ्यात काही टाकायचं नाही. ‘मैत्री’समोरच्या प्रियदर्शिनी तळ्याचं पाणी केंद्रात प्यायला वापरतात.

प्रश्न: हिवाळ्यात तिथे कुणी आजारी पडलं तर परत आणतात का? — अनेक वाचक

उत्तर: मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत आणतील असं धरून चालू नका. शेवटचं जहाज गेलं, शेवटचं विमान गेलं की जे आहे ते तिथेच. केंद्रावर डॉक्टर असतात, छोटी शस्त्रक्रिया करण्याची सोय असते, आणि म्हणूनच जाण्याआधी वैद्यकीय तपासणी इतकी कडक. दाढ दुखते, बघू नंतर, असं म्हणणाऱ्याला मी आधी दंतवैद्याकडे धाडीन.

‘मैत्री’चं शेजारी केंद्र याच बाबतीत जगभर प्रसिद्ध आहे. एप्रिल 1961 च्या अखेरीस नोवोलाझारेवस्कायावरचे 27 वर्षांचे डॉक्टर लिओनिद रोगोझोव यांचं ॲपेंडिक्स सुजलं. बाहेर ब्लिझार्ड, आणि केंद्रावर डॉक्टर ते एकटेच. त्यांनी पोटाला भूल देऊन, एकाला आरसा आणि एकाला हत्यारं धरायला लावून स्वतःचं ॲपेंडिक्स स्वतः काढलं. सुमारे पावणेदोन तास लागले. दोन आठवड्यांत ते कामावर हजर. कुणाला घाबरवायला हे सांगत नाही. पण ‘अडलंच तर विमान येईल’ या भरवशावर कुणी जाऊ नये.

प्रश्न: माझी मुलगी सागरी जीवशास्त्रात एमएस्सी करते आहे. मुलींना घेतात का? प्रवासात अडचण? — एक वाचक, नागपूर

उत्तर: नागपूरकरांनी हे विचारावं! 1983-84 च्या तिसऱ्या मोहिमेत पहिल्या दोन भारतीय स्त्रिया गेल्या, भूगर्भशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि सागरशास्त्रज्ञ अदिती पंत. अदिती पंत जन्मानं नागपूरच्या आणि विषय तुमच्या मुलीचाच. इस्रोच्या मंगला मणी 56 व्या वर्षी ‘भारती’वर गेल्या आणि 403 दिवस राहिल्या, त्या तुकडीत त्या एकट्याच स्त्री होत्या. प्रवासात अडचण सगळ्यांना सारखीच, विमानात स्वच्छतागृहाची रांग आणि कोपरांचे धक्के. मुलीला म्हणावं, आधी एखाद्या संस्थेच्या प्रकल्पातून उन्हाळी मोहिमेला जा. निवड झाली की औलीला बर्फावरचं प्रशिक्षण असतं, तिथे आपण कितपत गारठतो ते कळतं.

प्रश्न: व्हॉट्सअॅप आहे ते ठीक, पण हाताने लिहिलेलं पत्र पाठवता येईल का? — एक आजोबा, वाई

उत्तर: येईल. 1984 पासून तिथे आपलं टपाल कार्यालय आहे, आधी ‘दक्षिण गंगोत्री’वर, ते केंद्र बर्फात बुडाल्यावर 1990 पासून ‘मैत्री’वर. एप्रिल 2024 मध्ये ‘भारती’वरही शाखा उघडली आणि तिचा पिनकोड ठेवला आहे एमएच-1718. ‘एमएच’ पाहून तुम्हाला बरं वाटेल: गोवा टपालाच्या महाराष्ट्र परिमंडळात येतं, म्हणून अंटार्क्टिकाही त्याच परिमंडळात.

पत्रं गोव्याच्या केंद्रावर जमा होतात आणि मोहिमेला निघणारा माणूस गठ्ठा बरोबर नेतो. म्हणजे दिवाळीच्या आत गोव्याला पोचेल असं टाका. नाही तर पुढच्या वर्षीच्या गठ्ठ्यात जाईल. पाकीट डिंकानं चिकटवा. सेलोटेप गारठ्यात सुटते.